फोटो काढणारे आणि माणूस काढणारे

झाडाचा फोटो निष्पाप असतो असं ज्याला वाटतं, त्यानं हे वाचावं आणि मग खुशाल भांडायला यावं. आम्ही इथंच आहोत. तिसरी पाळी सुटली की सकाळी सातनंतर केव्हाही.

आपला अंक सायक्लोस्टाइल. स्टेन्सिलवर अक्षरं उमटतात, फोटो उमटत नाही. तेव्हा ज्या फोटोबद्दल भांडायचंय तो आधी शब्दांत दाखवतो.

एक डोंगर. उघडाबोडका. माती नावाला, नुसता पांढऱ्या दगडांचा खच. त्यावर एक झाड. झाड कसलं, पिळून टाकलेलं धुणं उन्हात वाळून कडक व्हावं तसं लाकूड. साल कधीच गेलेली. वाऱ्यानं आणि बर्फाच्या कणांनी घासून घासून लाकूड तांबूस-पिवळं, गुळगुळीत झालेलं. एका अंगाला मात्र हिरवी फांदी. मागं गडद आभाळ. घर नाही, वाट नाही, माणूस नाही. खाली दरी आहे म्हणतात, पण ती फ्रेमच्या बाहेर.

असा फोटो तुम्ही पाहिलाय. कॅलेंडरवर पाहिलाय, डॉक्टरच्या दवाखान्यात बाकड्यासमोरच्या भिंतीवर पाहिलाय, कुठल्या तरी प्रेरणादायी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पाहिलाय. खाली एक ओळ असते. अर्थ एवढाच की बघा, हे झाड किती सोसतं आणि तरी उभं आहे, तुम्हीही सोसा.

आमचं भांडण झाडाशी नाही. झाडानं आमचं काही खाल्लेलं नाही. भांडण त्या ओळीशी आहे. आणि फ्रेमच्या बाहेर ठेवलेल्या दरीशी आहे.

आता भांडायचं तर माहिती पक्की पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला एवढं तरी शिकवलंय. शिव्या कुणीही देतो. पुराव्यानिशी शिवी देणं ही आपली परंपरा.

तर ह्या झाडाचं नाव ब्रिसलकोन पाइन. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, नेवाडा राज्याच्या हद्दीजवळ व्हाइट माउंटन्स नावाची डोंगररांग आहे. तिथं दहा-अकरा हजार फुटांवर ही झाडं आहेत. तिथला कोरडेपणा आपल्या लोकांना लगेच समजेल. अरबी समुद्राचा पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामा होतो आणि मागं माण, खटाव, आटपाडी तोंड वासून बसतात. तसंच तिकडं. पॅसिफिकचे ढग सिएरा नेवाडा पर्वत अडवतो आणि त्याच्या मागचे व्हाइट माउंटन्स कोरडे राहतात. वर्षाला तेरा इंचांच्या आत पाणी, तेही बरंचसं बर्फ म्हणून पडतं.

१९५३ साली एडमंड शुलमन नावाचा माणूस तिथं पोचला. ॲरिझोना विद्यापीठात झाडांच्या कड्या मोजणारी प्रयोगशाळा आहे, तिथला हा संशोधक. झाडाच्या खोडात वर्षाला एक कडी पडते. पाऊस झाला तर रुंद, दुष्काळ पडला तर बारीक. पेन्सिलीएवढ्या जाडीची कांडी गिरमिटानं काढून घ्यायची आणि कड्या मोजायच्या. झाड त्यानं मरत नाही. १९५७ साली शुलमनला एक झाड सापडलं, वय ४,६०० वर्षांच्या वर. नाव ठेवलं मेथुसेला, बायबलातल्या दीर्घायुषी म्हाताऱ्याचं. १९५८ च्या जानेवारीत शुलमन वारला, वय अवघं ४९. मार्चमध्ये त्याचा लेख नॅशनल जिऑग्राफिकमध्ये आला आणि जगातले कॅमेरे त्या डोंगराकडे धावले.

आम्ही सूतगिरणीत रिंग खात्यातले. आमची चाती मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे घेते. त्या झाडाची रिंग वर्षाला एक. तेव्हा हे वाचल्यावर आम्हाला अचंबा वाटला, खोटं कशाला बोला. बुद्ध जन्मला तेव्हा हे झाड दोन हजार वर्षांचं जुनं होतं. मनुस्मृती लिहिणाऱ्याच्या खापरपणजोबाचा पत्ता नव्हता तेव्हा ते उभं होतं. कुठलाही धर्म, कुठलीही जात स्वतःला सनातन म्हणवून घेते तेव्हा ह्या झाडाकडे बोट दाखवावं. सनातन हे आहे. तुमचं सगळं कालपरवाचं.

पण कौतुक इथं संपतं. आता बघा पुढं काय केलं जातं.

शुलमननं १९५४ साली सायन्स नावाच्या पत्रिकेत एक निबंध छापला होता. मथळ्याचा मतलब, प्रतिकूल परिस्थितीतलं सूचिपर्णी झाडांचं दीर्घायुष्य. त्याच्या ध्यानात आलं होतं की बऱ्या जागेतली झाडं भराभर वाढतात आणि लवकर मरतात, वाईट जागेतली हळू वाढतात आणि जास्त जगतात. हे त्यानं झाडाबद्दल म्हटलं. शास्त्रज्ञाचं म्हणणं, मोजून काढलेलं. पांढरपेशांनी ते उचललं आणि माणसाच्या कपाळावर चिकटवलं. कष्टानं माणूस टिकतो. दारिद्र्यानं माणूस घडतो. दुःखानं कविता येते. एका साहित्यिक कार्यक्रमात तर एका वक्त्यानं दलित कवितेची तुलनाच अशा झाडाशी केली. म्हणाले, वेदनेनं पिळवटलेलं हे सौंदर्य. टाळ्या पडल्या. आपलीही दोन-चार पोरं टाळ्या वाजवत होती.

तर ह्या उपमेची सालं काढू.

पहिली गोष्ट. ते झाड जिथं उभं आहे तो दगड डोलोमाइट. चुनखडीच्या जातीचा, पांढरा. त्या मातीत फार कमी झाडझाडोरा जगतो. शेजारच्या वालुकाश्मावर सेजब्रश नावाचं झुडूप दाटी करतं, पण डोलोमाइटवर त्याचं फारसं चालत नाही. म्हणजे ब्रिसलकोनला तिथं पाण्यात वाटेकरी नाही, उन्हात वाटेकरी नाही. पांढरा दगड ऊन परतवतो, म्हणून जमीन जरा थंड आणि ओलसर राहते. झाडं एकमेकांपासून लांब लांब, म्हणून वणवा एकाकडून दुसऱ्याकडे सहज जात नाही. लाकूड इतकं हळू वाढतं की घट्ट होतं, राळेनं भरलेलं असतं, म्हणून किडा आणि कुज आत शिरत नाही. पानं एकदा आली की तीस-चाळीस वर्षं टिकवून धरतं, नव्या पानांचा खर्च नाही. मूळ वाळलं तर त्या मुळावरची सालीची पट्टी तेवढी मरते, दुसऱ्या पट्टीवर झाड चालू राहतं.

समजलं? ते झाड तिथं सोसत बसलेलं नाही. तो त्याचा मुलूख आहे. त्या दगडाचा हिशोब त्याच्या अंगात मुरलाय. त्याला तिथं कुणी हाकलून आणलं नाही. गावकुसाबाहेर कुणी ठेवलं नाही. विहिरीला शिवू नको असं कुणी सांगितलं नाही.

आमचा बाप दगडावर उभा होता तो आवडीनं नव्हे. त्याला उभा केला होता. आणि उभा करणाऱ्याला नाव होतं, गाव होतं, सातबारा होता.

दुसरी गोष्ट. माणसाच्या शरीराला प्रतिकूलतेनं आयुष्य मिळत नाही, ते तुटतं. कापसाचं तूस वर्षानुवर्षं छातीत गेलं की फुफ्फुस आवळतं. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी खात्यात शिरलं की छाती जड होते, हे रिंगवाल्याला आणि कार्डिंगवाल्याला सांगावं लागत नाही. त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. गटारात उतरणारा माणूस तर एका श्वासात जातो. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली पुन्हा कायदा झाला, तरी माणूस उतरतो आणि मरतो. कुठं आहे त्याचं प्रतिकूलतेतलं दीर्घायुष्य? मोजा की त्याच्या कड्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात लबाड. फोटो फक्त जगलेल्या झाडाचा असतो. त्याच दगडावर जी रोपटी उगवली आणि पहिल्याच उन्हाळ्यात वाळली, त्यांचा फोटो नाही. हाच खेळ आपल्याशी चाललाय. वस्तीतला एक पोरगा कलेक्टर झाला की त्याचा फोटो छापायचा आणि खाली लिहायचं, इच्छा असेल तर मार्ग सापडतो. ज्या पोरांना नववीतून कामावर जावं लागलं त्यांना काय इच्छा नव्हती? एका जगलेल्याचा फोटो दाखवून मेलेल्यांचा खटला बंद करायचा, ही ह्या चित्राची करामत.

आता दरीकडे मान वळवू. फोटोवाल्यानं वळवली नाही, म्हणून आपण वळवू.

व्हाइट माउंटन्सच्या पायथ्याशी ओवेन्स व्हॅली नावाचं खोरं आहे. एका बाजूला ही झाडं, दुसऱ्या बाजूला सिएरा नेवाडाची बर्फाची शिखरं. खोऱ्यात पायूट लोक राहत होते. आपल्या खोऱ्याला त्यांनी जे नाव दिलं त्याचा अर्थ वाहत्या पाण्याची जागा. नीट वाचा. वाहत्या पाण्याची जागा. सिएराच्या बर्फाचं पाणी ओढ्यांनी खाली यायचं, पायूटांनी पाट काढून ते रानात फिरवलं होतं, खायच्या कंदमुळांना दिलं होतं. गोरे आले, गुरं आली, जमीन गेली, लढाई झाली. १८६३ साली फौजेनं नऊशेच्या वर पायूटांना गोळा केलं आणि बंदुकीच्या धाकात डोंगर ओलांडून फोर्ट टेहोनला चालवत नेलं. पुढं बरेच परत आले, पण आपल्याच जमिनीवर मजूर म्हणून.

मग शहराला तहान लागली. शहर लॉस एंजेलिस, सव्वादोनशे मैलांच्या वर लांब. शहराच्या लोकांनी खोऱ्यातली जमीन आणि पाण्याचे हक्क विकत घेतले, गुपचूप घेतले, आणि ५ नोव्हेंबर १९१३ ला कालवा सुरू झाला. नदीचं पाणी शहराला. १९२० च्या दशकात ओवेन्स सरोवर आटून गेलं. तळाची खारट माती उघडी पडली, वारा सुटला की तिचे लोट उठायचे. अमेरिकेतली धुळीची सगळ्यात मोठी एकच एक जागा म्हणून ते सरोवर पुढं ओळखलं गेलं. ज्या शहरानं पाणी नेलं त्यालाच ह्या शतकाच्या सुरुवातीपासून ती धूळ बसवायला तळावर परत थोडं पाणी सोडावं लागतंय. धूळ कुणाच्या छातीत गेली ते सांगायला नको. धुळीचा आणि आमचा परिचय आहे.

त्याच दशकात, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. इकडं तळं भरलेलं होतं आणि हात लावू देत नव्हते. तिकडं तळंच उचलून नेलं. पण विचारायचा प्रश्न एकच. पाणी कुणाचं?

आता आमचा मुख्य मुद्दा. डोंगरावरचा कोरडेपणा ढगांनी केलाय. खोऱ्यातला कोरडेपणा कागदांनी केलाय. एक निसर्ग आहे, दुसरा खरेदीखत आहे. आणि फोटोत दोन्ही सारखेच दिसतात! तीच सुंदर सावली, तोच पोत, तेच विराट आभाळ. कॅमेरा दोघांना एकाच रंगात रंगवतो आणि बघणारा म्हणतो, वा, काय निसर्ग. अन्यायाला निसर्गाचा रंग देणं हा धंदा आपल्याला नवा नाही. जात ही निसर्गानंच केली असं आपल्याला किती शतकं सांगत आले? कुणी मुखातून जन्मला, कुणी पायातून. तो पण एक लँडस्केपच होता.

कुणी म्हणेल, तुम्ही फोटोग्राफरवर उगाच घसरता. त्यानं झाडाचा फोटो काढला, पाण्याचा खटला त्याच्या डोक्यावर का? बरं. नाव घेऊन बोलू. ॲन्सेल ॲडम्स. जन्म १९०२, मृत्यू १९८४. डोंगर-झाडांच्या काळ्यापांढऱ्या फोटोंचा अमेरिकेतला सगळ्यात मोठा माणूस. हात सोन्याचा, वाद नाही. त्याचा एक गाजलेला फोटो ह्याच ओवेन्स व्हॅलीतला आहे, १९४४ सालचा, लोन पाइन गावाजवळून काढलेला हिवाळ्यातला सूर्योदय. मागं उजळलेली शिखरं, मधे काळी टेकडी, पुढं उन्हाचा पट्टा, झाडं आणि चरणारा एक घोडा. त्या काळ्या टेकडीवर लोन पाइनच्या शाळेतल्या पोरांनी चुन्यानं एल आणि पी अशी दोन मोठी अक्षरं काढली होती. आपल्या गावाची अक्षरं. ॲडम्सनं ती निगेटिव्हवरून आणि प्रिंटवरून पुसली, आणि पुसल्याचं पुढं स्वतःच लिहून ठेवलं. त्याच्या लेखी ती डोंगरावरची जखम होती.

पोरांनी डोंगरावर आपल्या गावाचं नाव लिहिलं. कलाकारानं ते खोडलं. आणि जे उरलं त्याला जग शुद्ध निसर्ग म्हणतं. फोटो काढणं आणि माणूस काढणं, मराठीत दोन्हीला क्रियापद एकच. आपली भाषा शहाणी आहे.

शाळेतल्या पोरांच्या अक्षरांचं एवढं काय, असं म्हणू नका. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर शिकायला बंदी होती त्यांनी तरी म्हणू नये. आणि योसेमिटीचं काय? ॲडम्सचं लाडकं खोरं. १८५१ साली मारिपोसा बटालियन नावाच्या टोळीफौजेनं तिथल्या आवानीची लोकांना हुसकावलं. जे परत आले त्यांची वस्ती नॅशनल पार्कमध्ये कशीबशी तगून होती. १९६९ साली पार्क खात्यानं उरलेल्यांना बाहेर काढलं आणि त्यांची घरं आग विझवायच्या सरावासाठी वापरून नष्ट केली. त्याच पार्कात सेंटिनेल डोम नावाच्या दगडी माथ्यावर जेफ्री पाइनचं एक वाकडं झाड होतं. वॉटकिन्सनं एकोणिसाव्या शतकात त्याचा फोटो काढला, ॲडम्सनं १९४० साली काढला, नंतर हजारोंनी काढला. १९७६-७७ च्या दुष्काळात ते वाळायला लागलं तेव्हा लोकांनी बादल्यांनी पाणी वाहून नेलं. तरी मेलं. २००३ साली कोसळलं.

बादलीभर पाणी झाडाला घातलं, चांगलं केलं. आम्ही हसणार नाही. तहानेल्याला पाणी देणारा माणूस वाईट नसतो. पण हिशोब विचारणार. एका वाळक्या झाडासाठी बादल्या डोंगर चढतात आणि त्याच खोऱ्यातल्या माणसाच्या घराला सरावासाठी काडी लागते. मधे दहा वर्षंसुद्धा नाहीत. फरक कुठं पडला? झाडाचा फोटो जगभर गेला होता. त्या वस्तीचा गेला नव्हता. म्हणून आम्ही म्हणतो की फोटो ही काही भिंतीवरची शोभा नव्हे. कुणाला पाणी मिळणार आणि कुणाला आग, हे फोटो ठरवतो.

आता ॲडम्सच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर आपण आणि ते सारखेच.

लोन पाइनच्या जवळच मॅन्झानार आहे. नावाचा अर्थ सफरचंदाची बाग. खोऱ्याचं पाणी शहरानं घेतल्यावर तिथलं फळबागांचं गाव उठलं, झाडं तशीच राहिली. १९४२ साली अमेरिकेच्या सरकारनं पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरातून उचललं आणि छावण्यांत कोंडलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. गुन्हा नाही, खटला नाही. गुन्हा म्हणजे जन्म. आपल्याला हे कलम पाठ आहे. मॅन्झानारला दहा हजारांवर माणसं काटेरी तारेच्या आत राहिली. १९४३ साली ॲडम्स स्वतः तिथं गेला. तार, पहाऱ्याचे मनोरे आणि पहारेकरी यांचा फोटो काढायला मनाई होती. त्यानं माणसांचे चेहरे काढले, शेतातले, शाळेतले, हसरे. १९४४ साली त्याचं पुस्तक आणलं. युद्ध चालू असताना ह्या लोकांच्या बाजूनं पुस्तक काढणं ही हिंमत होती. ती आम्ही मान्य करतो. पण त्या फोटोत तार नाही. तार नसली की तुरुंग गाव दिसतो.

त्याच्या आधी १९४२ साली डोरोथिया लँग ही बाई सरकारच्याच नोकरीवर तिथं गेली होती. तिच्या फोटोत धूळ दिसली, रांगा दिसल्या, माणसांच्या गळ्यातले नंबर दिसले. लष्करानं ते फोटो युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले. म्हणजे कुठला फोटो धोक्याचा हे सत्तेला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. झाडांचे फोटो कुणी जप्त केल्याचं ऐकलंय का?

आणि तिसरा माणूस, आमचा माणूस. तोयो मियाताके. लॉस एंजेलिसला त्याचा फोटोचा स्टुडिओ होता. तोही कैदी म्हणून मॅन्झानारला आला. कैद्यांना कॅमेरा बंद. ह्या पठ्ठ्यानं सामानात एक भिंग लपवून आणलं. छावणीतल्या सुतारानं लाकडाची पेटी ठोकून दिली, वरून जेवणाच्या डब्यासारखी. त्या डब्यातून त्यानं छावणी टिपली. पुढं अधिकाऱ्यांना कळलं, तरी अखेर त्यांना त्यालाच छावणीचा फोटोग्राफर नेमावं लागलं. तारेमागं उभी असलेली तीन पोरं हा त्याचा फोटो. पोरांचे हात तारेजवळ, मागं मनोरा, त्याच्याही मागं डोंगर. डोंगर तोच, जो ॲडम्सच्या मागं आहे. आभाळ तेच. फक्त तार फ्रेमच्या आत आली, आणि डोंगराचा अर्थ बदलला. आधी तो सौंदर्य होता, आता भिंत झाला.

एक गोष्ट राहिली. त्या कैद्यांनी मॅन्झानारची वाळत चाललेली जुनी सफरचंदाची आणि नासपतीची झाडं छाटली, त्यांना पाणी दिलं, पुन्हा फळाला आणली. काही झाडं अजून उभी आहेत. आम्हाला विचाराल तर कोरड्या डोंगरातल्या जुन्या झाडाचा फोटो काढायचा तर ह्या झाडाचा काढावा. दीड-दोन माणसांच्या उंचीचं साधं झाड. पण त्याच्या फांदीवर कैद्याच्या कात्रीची खूण आहे.

आता आपल्या घरात वळू. इथं जास्त कडक बोलायचंय.

आपल्यात दोन जातीचे लोक झालेत. एक म्हणतात, झाड, डोंगर, चंद्र हे आपले विषयच नाहीत, ते सदाशिव पेठेचे. परवा वस्तीतल्या एका पोरानं मोबाइलवर माळावरच्या वठलेल्या बाभळीचे फोटो काढले. चांगले काढले. तर आपलेच कार्यकर्ते त्याच्यावर घसरले. म्हणाले, मोर्चाचे काढ, बाभळीनं काय क्रांती होणार? आम्ही विचारतो, ही बंदी तुम्हाला कुणी शिकवली? हजार वर्षं आम्हाला सांगितलं, ह्या रस्त्यानं जाऊ नको, ह्या पाण्याला शिवू नको. आता आपणच आपल्या पोराला सांगायचं, ह्या झाडाकडे बघू नको? पाणी सगळ्यांचं म्हणून आपण महाडला गेलो. मग आभाळ आणि झाड काय त्यांच्या नावावर आहे?

दुसरे त्याहून वाईट. हे स्वतःच ते झाड व्हायला निघालेत. आपली वेदना घासूनपुसून चकचकीत करायची, पिळवटून उभं राहायचं, आणि सभेत कुणी वा म्हणण्याची वाट बघायची. त्यांच्या कवितेत बाप आहे, आई आहे, भूक आहे, पण ज्यानं उपाशी ठेवलं तो नाही. तार नाही. मग तिकडच्या टाळ्या पडतात, कारण त्यांना कुणी दोषी धरलेलंच नसतं. वाळक्या झाडाचं सौंदर्य बघणाऱ्याला काही द्यावं लागत नाही, म्हणून ते त्याला आवडतं. आपण कुणाच्या दिवाणखान्यातलं वाळकं लाकूड नाही. आम्हाला पाणी हवंय, पाट हवाय, आमच्या नावची जमीन हवीय. मग आम्ही सरळ वाढू, आमचं पिळवटलेलं सौंदर्य बिघडलं तरी चालेल.

मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो सुधारक ओलवे यांनी काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती बातमी सगळ्यांनी वाचली. फोटो किती जणांनी नीट पाहिले? पाहा. त्यात माणूस घाणीत आहे, पण घाण निसर्ग म्हणून येत नाही. ती कुणी तरी केलेली आहे, आणि कुणाला तरी उचलायला लावलेली आहे, हे दिसतं. हा फरक शिकायचाय.

शेवटचं उदाहरण झाडाचंच. १९६४ साली नेवाडातल्या व्हीलर पीकवर डोनाल्ड करी नावाच्या विद्यार्थ्यानं, वनखात्याची परवानगी घेऊन, एक ब्रिसलकोन तोडवलं. कड्या मोजल्या तर ४,८०० च्या वर. तेव्हा माहीत असलेलं जगातलं सगळ्यात जुनं झाड, आणि ते कळलं तोडल्यावर. परवानगीचा कागद बरोबर होता, शिक्के बरोबर होते. झाडाचं वय मात्र कुणी आधी विचारलं नव्हतं. वस्त्या पाडायला येतात तेव्हाही कागद बरोबरच असतो. किती पिढ्या इथं राहिल्या हे पाडल्यावर कळतं, कळलं तर. म्हणून पाडायच्या आधी मोजून ठेवायचं काम आपलं आहे. आपल्या कड्या आपणच मोजायच्या.

तर मित्रांनो, काम सांगतो. कविता नंतर.

खिशात मोबाइल आहे, त्यात कॅमेरा आहे. मियाताकेला भिंग लपवून आणावं लागलं, तुम्हाला तो त्रास नाही. गावाकडे जाल तेव्हा महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या, बौद्धवाड्यातल्या जुन्या झाडाचा फोटो काढा. पिंपळ असो, बाभूळ असो, वठलेला लिंब असो. ऊन बघा, सावली बघा, घाईनं काढू नका, आपल्यालाही चांगला फोटो काढता आला पाहिजे. मग दोन पावलं मागं या आणि दुसरा काढा. त्यात घर येऊ द्या, वाट येऊ द्या, हापसा येऊ द्या, आणि हापसा कुणाच्या दारात आहे तेही येऊ द्या.

आणि मागं चार ओळी लिहा. गाव कोणतं. झाडाखाली कोण बसायचं, कुणाला बसू देत नव्हते. पाणी कुठून येत होतं आणि आता कुठं जातं. जमीन कुणाच्या नावावर आहे. वस्तीतल्या म्हाताऱ्या-म्हातारीला विचारून लिहा, त्यांच्या शब्दांत लिहा. ती माणसं आहेत तोवरच हे विचारता येईल.

फोटो छापायची आमची ऐपत नाही, स्टेन्सिलचीही नाही. पण त्या चार ओळी छापता येतात. त्या पाठवा, पुढच्या अंकात छापू. ज्याला नुसतं झाड बघायचंय त्यानं कॅलेंडर विकत घ्यावं.

जय भीम.